खुर्ची तीच, माणूस वेगळा

२०१९च्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या आमच्या मच्छेत एकच खेळ तीन भाषांत बघायला मिळायचा. सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’त नागराज मंजुळे, कलर्स कन्नडवर ‘कन्नडद कोट्याधिपती’त पुनीत राजकुमार आणि ऑगस्टपासून हिंदीत अमिताभ. चौकातल्या फलकाच्या भाषेवरून कितीही भांडणं होवोत, रिमोटला सीमावाद ठाऊक नाही.

या तिन्ही खुर्च्यांवर कधी ना कधी दुसरं कुणी बसून गेलंय. हिंदीत २००० साली सुरू झालेला खेळ २००७मध्ये शाहरुख खानकडे गेला. तो चुरचुरीत बोलायचा, स्पर्धकांना मिठ्या मारायचा. पण पैशाच्या प्रश्नाला लागणारा दरारा त्यात नव्हता. २०१०ला अमिताभ परतले. कन्नडमध्ये २०१२-१३ला पुनीत, २०१८ला रमेश अरविंद, पुढच्याच वर्षी पुन्हा पुनीत. रमेश काही कच्चा गडी नव्हे. ‘वीकेंड विथ रमेश’ त्यानंच गाजवलं. पण ते त्याचं स्वतःचं घर होतं, इथं तो ‘अप्पू’च्या, म्हणजे पुनीतच्या घरी पाहुणा.

मराठीत मामला जास्त गुंतागुंतीचा. २०१३ला ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर, २०१६ला कलर्स मराठीवर स्वप्नील जोशी, मग सोनीवर नागराज. वाहिनीही बदलली, त्यामुळे सगळं माप सूत्रसंचालकाच्या पदरात घालता येत नाही. माझ्या मते या बदल्यांत खरा टिकला तो नागराजच. त्यानं खेडेकरांची ऐट उसनी घेतली नाही. आपल्या जेऊर गावच्या बोलीचा सूर न लपवता समोरच्याशी पारावर बसल्यासारखा बोलला. तरीही २०२१ला खुर्ची खेडेकरांकडेच गेली!

प्रश्नमंजूषेला निदान प्रश्नांचा आधार असतो. ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमाला तोही नव्हता. २०१४पासून जवळपास दहा वर्षं नीलेश साबळे तिथं नुसता सूत्रसंचालक नव्हता, लेखन-दिग्दर्शनही त्याचंच. २०२४ला कार्यक्रम थांबला. त्यानं भाऊ कदमला घेऊन कलर्स मराठीवर नवा डाव मांडला, पण तो फार काळ चालला नाही. २०२५च्या जुलैत झी मराठीनं जुनं नाव परत आणलं ते अभिजीत खांडकेकरला घेऊन. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके ओळखीचे होते, गौरव मोरे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’तून आलेला. म्हणजे नावाशिवाय साबळेचं जमलं नाही, आणि साबळेशिवाय आणलेल्या नावाला जुन्या-नव्या विनोदवीरांची फौज उभी करावी लागली.