'वॉकिंग डिस्टन्स' म्हणजे नेमकं किती?



मुलीला शिकायला शहरात ठेवायचं म्हणून खोली बघायला गेलो की घरमालक सांगतात, "कॉलेज वॉकिंग डिस्टन्सवर आहे." आपण मान डोलावतो. रोज किती चालावं लागेल, हे विचारायचं राहूनच जातं.

वॉकिंग म्हणजे चालणं, डिस्टन्स म्हणजे अंतर. गाडी-रिक्षा न करता पायी जाता येईल इतकं जवळ, असा त्याचा अर्थ. आपण म्हणतो 'हाकेच्या अंतरावर'. आपलं माप आवाजाचं, इंग्रजीचं पायांचं. पण पाय कुणाचे? तरण्या मुलीचे, गरोदर सुनेचे, की गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंचे?

आपल्या लोणारचंच बघा. सरोवराच्या काठावर उभं राहिलं की समोरचा काठ इथंच आहे असं वाटतं. विवराची रुंदी साधारण १.८ किलोमीटर. पण मध्ये खोल उतार, झाडी आणि खारं पाणी. काठाकाठानं पलीकडे जायचं तर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास चाल पडते. कमळजा देवीच्या दर्शनाला उतरताना वाट थोडी वाटते, तीच वर चढताना दम काढते. नजरेला जवळ ते पायांना जवळ असेलच असं नाही.

म्हणूनच महत्त्वाच्या ठिकाणी 'जवळ' आकड्यात सांगावं लागतं. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं ठरवलं आहे.

आता बोलून बघू. "इज इट विदिन वॉकिंग डिस्टन्स?" म्हणजे, पायी जाण्याइतकं जवळ आहे का? 'विदिन' म्हणजे 'च्या आत'. समोरचा "यस" म्हणाला की तिथं थांबायचं नाही. लगेच विचारायचं, "हाऊ मेनी मिनिट्स?" किती मिनिटं? मग आपल्या मराठीत: रस्त्यावर दिवे आहेत का? पावसाळ्यात वाट चालू राहते का? पोरगी संध्याकाळी एकटी येऊ शकेल का?

येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरापासून दवाखाना, शाळा, बसथांबा किती मिनिटांवर आहे ते सांगावं. एका कागदावर लिहून काढू. ग्रामसभेत "लांब पडतं" म्हणण्यापेक्षा "चालत चाळीस मिनिटं लागतात" म्हटलेलं कुणाला टाळता येत नाही.