सुटीचा दिवस कोठून काढावयाचा?

वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात जमलेल्या मंडळींकडे पाहिले की आमच्या मनात एक विचार हटकून येतो. येथे शिक्षक आहेत, बँकेतले कारकून आहेत, पेन्शनर आहेत, घरचे आटोपून आलेल्या भगिनी आहेत. पण भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा कामगार मात्र येथे नाही. त्याला ज्ञानाची गोडी नाही असे नव्हे. त्याचा बफ अजून फिरतो आहे. रविवारी तो कपडे धुतो, झोपतो, गावी फोन करतो. सहा दिवसांची काळी धूळ नाकातून निघेपर्यंत सोमवार उजाडतो.

हा रविवारही फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित केले, आणि १८९० साली गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढे कायद्याने आठवड्याचे तास १९२२ साली साठ, १९३४ साली चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस केले. १९४८ च्या कारखाने कायद्याने तोच आकडा कायम ठेवला. आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने चाळीस तासांच्या आठवड्याचा ठराव १९३५ सालीच केला होता. परंतु आपल्या कायद्याचे घड्याळ अठ्ठेचाळिसावरच थांबले आहे.

चाळीस तास म्हटले की मालक विचारतो, "मग माल कोण काढणार?" प्रश्न रास्त आहे. त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही, हिशेबाने द्यावे लागते. अठ्ठेचाळिसाचे चाळीस करावयाचे म्हणजे सहा तासांचा माल पाच तासांत निघाला पाहिजे. यंत्र जोराने चालवून तो निघेल असे कोणी म्हणेल, तर आमचा त्याला साफ विरोध आहे. प्रेसवरचा हात जितका घाईत, तितकी बोटे धोक्यात. तेव्हा तास शोधावयाचे ते कामगाराच्या अंगात नव्हे, तर कामाच्या मांडणीत.

पातेले कसे होते ते पाहू. स्टीलच्या पत्र्यातून गोल चकती कापतात. तिला 'सर्कल' म्हणतात. प्रेसखाली डायमध्ये दाबून तिला खोली आणतात, काठ कापून वळवतात, मग पॉलिश, धुणे आणि पॅकिंग. यांपैकी प्रेस झपाट्याने चालते आणि पॉलिश सावकाश. त्यामुळे पॉलिशवाल्यापुढे नेहमी भांड्यांचा ढीग साचलेला असतो. हा ढीग पाहून मालकाला बरे वाटते. काम भरपूर आहे, कोणी रिकामा नाही! पण आमच्या मते सुटीचा दिवस चोरणारा चोर याच ढिगात लपून बसलेला आहे.

उदाहरणादाखल आकडे धरू. पॉलिशवाले आठ तासांच्या दिवसाला दोनशे भांडी उरकतात आणि त्यांच्यापुढे सहाशेंचा ढीग आहे. सोमवारी सकाळी डायवर कचरा अडकून चरा पडला. तेव्हापासून निघालेले प्रत्येक भांडे ओरखडा घेऊनच निघते आणि ढिगाच्या शेवटी जाऊन बसते. त्याची पाळी येते तीन दिवसांनी, गुरुवारी. तोवर तसलीच सहाशे भांडी तयार झालेली असतात! ओरखडा घालवण्यास दीडपट वेळ लागतो असे धरले, तर चोवीस तासांच्या कामाला छत्तीस तास लागतात. बारा तास पाण्यात गेले.

आता तोच ढीग पन्नासांचा ठेवा. पन्नास भांडी म्हणजे दोन तासांचे काम. सकाळी पडलेला चरा दोन तासांत उघडकीस येतो, पन्नासच भांडी बिघडतात आणि फक्त एक तास जादा लागतो. एका चुकीमागे अकरा तास वाचले. अशी चूक महिन्यात दोनदा झाली, तर बावीस. चार आठवड्यांत आपल्याला बत्तीस तास हवे आहेत. उरलेले दहा पत्र्याची, हँडलची किंवा दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्यात जातात, त्यांत शोधावे.

यासाठी प्रेसवाल्याने काय करावे? ढीग पन्नासाला पोचला की थांबावे. थांबणे म्हणजे आळस नव्हे. त्या वेळात त्याने डाय पुसावी, तेल पाहावे, दाब तपासावा. चकती धरणारा दाब कमी पडला तर भांड्याला सुरकुत्या पडतात, फाजील झाला तर ते फाटते. काही हलक्या निकेलचे स्टील तर खोल दाबल्यावर तेव्हा धड दिसते आणि काही दिवसांनी तडकते. अशा मालाला मधे भट्टीत तापवून नरम करावे लागते. हे सारे प्रेसजवळच पाहावयाचे असते. बफ कितीही फिरवला तरी तडा बुजत नाही.

दोष दिसताच थांबावे, हे तत्त्व नवे नाही. जपानात साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. पुढे त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात दोष दिसताच दोरी ओढून मदत बोलावण्याचा आणि वेळ पडल्यास काम थांबवण्याचा हक्क साध्या कामगाराला मिळाला.

आमच्याकडे दोरी का ओढली जात नाही, याचा आम्हांला आलेला अनुभव सांगतो. एका गाळ्यात ओरखड्यांबद्दल पॉलिशवाल्याचे पैसे कापले गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी! आम्ही भांडून पैसे परत मिळवले. निघताना तो हळूच म्हणाला, "साहेब, चरा मला पहिल्याच दिवशी दिसला होता. पण मागे एकदा बोललो तेव्हा दोष माझ्याच माथी आला. म्हणून या वेळी गप्प राहिलो." आम्ही विजयी मुद्रेने परतलो, आणि चरा डायवर तसाच राहिला. पुढल्या महिन्यात पुन्हा तेच भांडण. दंड परत मिळवण्यात आम्ही हुशार होतो. दंडाचे मूळ खणण्याचे आम्हांला सुचले नव्हते. ही चूक आमची, संघटनेची.

म्हणून आमच्या अटी अशा. दोष दाखवणाऱ्याला दंड नाही. फळ्यावर मोजणी होईल ती धड भांड्यांची. आणि वाचलेला तास प्रथम सुटीच्या खात्यात जमा होईल, आठवड्याचा पगार न कापता. नगावर काम करणाऱ्याचा दर न उतरवता. ही शेवटची अट लेखी आणि आधी हवी. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत 'सुधारणे'च्या नावाखाली विणकरांना दोनाऐवजी तीन माग देऊ लागले, तेव्हा सहा महिने संप चालला. वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडणार, हे ठरलेले नसले म्हणजे कामगार सुधारणेला भितो, आणि त्याचे भय खोटे नसते.

आणखी एका फसवणुकीपासून सावध राहावे. २०२५ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास संमती दिली. बारा तासांचे चार दिवस म्हणजेही अठ्ठेचाळीसच! ही सुटी नव्हे, थकव्याची नुसती वाटणी. ब्रिटनमध्ये २०२२ साली एकसष्ट आस्थापनांनी पगार न कापता कमी तासांचा सहा महिने प्रयोग केला आणि बहुतेकांनी तो पुढे चालू ठेवला. त्यांत कचेऱ्यांचा भरणा होता. प्रेसच्या गाळ्याला तो जसाच्या तसा लागू पडणार नाही. आपला प्रयोग आपणच केला पाहिजे.

प्रारंभ लहान असावा. एक गाळा, एक फळा, पन्नासांचा ढीग आणि चार आठवडे. चार तास वाचले की शनिवारी दुपारी बफ बंद. ते टिकले तर पुढची अर्धी सुटी मागावी. नाही टिकले तर फळ्यापुढे बसून कारण शोधावे.

शहर केवळ इमारतींनी मोठे होत नाही. ज्यांच्या हातची भांडी आपल्या घराघरांत लखलखतात, त्यांना पुढील वसंतात या मांडवात येऊन बसण्याइतकी उसंत मिळाली, तर आमचे आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.