समुद्रापलीकडची मराठी

मुलांनो, दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातले ऊसतोड कामगार बिऱ्हाड घेऊन दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात, हे झरीत तुम्ही पाहिले असेल. हंगाम संपला की ते घरी परततात. पण उसाच्या कामासाठी गेलेले कितीतरी मराठी मजूर गावी परतलेच नाहीत. त्यांची मराठी मात्र टिकून राहिली. ती कशी टिकली, ते या पाठात पाहू या.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. ते मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटर दूर आहे. तेथे इंग्रजांचे राज्य होते. १८३५ साली तेथील गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळेवाल्यांना नवे मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासूनच भारतातून मजूर नेले जाऊ लागले. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिकडे गेली. त्यांच्याकडून करार लिहून घेत. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट'. या शब्दाचे 'गिरमिट' झाले आणि मजुरांना 'गिरमिटिये' म्हणू लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. पोर्ट लुई बंदरात मजूर जेथे उतरत, तो 'आप्रवासी घाट' आज जागतिक वारसास्थळ आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला हा मान दिला.

मळ्यांवर भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणारे लोकही होते. सर्वांना समजणारी भाषा होती क्रिओल. मुले, नातवंडे क्रिओल बोलू लागली आणि मराठी मागे पडू लागली. भाषा एका दिवसात जात नाही. ती आधी बाजारातून जाते, मग अंगणातून जाते आणि शेवटी घरातून जाते.

हे ओळखून तेथील मराठी लोकांनी ठिकठिकाणी मंडळ्या स्थापन केल्या. १९६० साली या मंडळ्यांचा महासंघ झाला. मंडळ्या गणेशोत्सव करतात, महाराष्ट्र दिन पाळतात, मराठी नाटके बसवतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. १९९१ साली तर जागतिक मराठी परिषद तेथेच भरली होती.

मंडळ्यांनी जपलेला एक नाच म्हणजे झाकरी. कोकणात त्याला जाखडी म्हणतात. ढोलकीच्या तालावर, पायांत घुंगरू बांधून, गोल फेर धरून तो नाचतात. नाच शिकायचा म्हणजे सराव हवा. सरावाला म्हातारे आणि तरुण एकत्र येतात. गाणे म्हणायचे तर मराठी शब्द पाठ करावे लागतात आणि त्यांचा अर्थही विचारावा लागतो. अशा रीतीने नाचाबरोबर भाषाही पुढच्या पिढीकडे जाते.

मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात आणि उर्दूही शिकवतात. घरी क्रिओल बोलणारी मुले हे विषय घेतात. म्हणजे मराठी केवळ घरातल्या बोलण्यावर टिकली असे नाही. तुमच्यासारखे विद्यार्थी ती वर्गात शिकतात, त्यामुळेही ती टिकते.

जगात अशी आणखी उदाहरणे आहेत. जपानच्या ओकिनावा बेटावरील पहिले मजूर १९०० साली हवाई बेटांवर पोहोचले. तेही उसाच्या मळ्यांवर राबले. त्यांच्या वंशजांनीही संघ स्थापन केले. ते सानशिन नावाचे तीन तारांचे वाद्य वाजवतात आणि पूर्वजांची गाणी गातात. देश वेगळा, भाषा वेगळी. पण उपाय तोच.

मुलांनो, तुमच्या घरातही दादी-नानीच्या तोंडी दखनी गाणी, म्हणी आणि कोडी असतील. ती लिहून घेतली नाहीत, तर त्यांच्याबरोबरच ती जातील. चार मित्र जमवा, वही करा, दर आठवड्याला एक गाणे लिहून घ्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते म्हणा आणि त्याचा अर्थ मराठीत सांगा. घरची भाषा जपावी आणि शेजारची भाषा शिकावी. अशा माणसाला दोन्ही भाषा आपल्याच वाटतात.