एव्हरेस्टवरील वायुभार

प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून मनुष्य एव्हरेस्टच्या माथ्यावर जिवंत पोहोचेल काय, हा प्रश्न शरीरक्रियाशास्त्राला दीर्घकाळ पडला होता. १९५३ साली तेनसिंग व हिलरी यांनी नळकांड्यांच्या साहाय्यानेच शिखर गाठले. ८ मे १९७८ रोजी मेसनर व हाबेलर त्यांवाचून तेथे पोहोचले. या यशाचे एक कारण १९८१ च्या अमेरिकी वैद्यकीय मोहिमेत स्पष्ट झाले. शिखरावरील वायुभार पाऱ्याच्या २५३ मिलिमीटर स्तंभाइतका भरला. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकानुसार तो सुमारे २३६ असावयास हवा होता. विषुववृत्ताकडे वातावरणाची जाडी अधिक असते व एव्हरेस्ट २८ उत्तर अक्षांशावर आहे. हेच शिखर ध्रुवाजवळ असते, तर त्या दोघांचे असामान्य धैर्यही बहुधा अपुरे पडले असते.