तेरा त्रिक एकोणचाळीस

वडखळच्या नाक्यावर गोव्याच्या रस्त्याला अलिबागचा फाटा फुटतो. त्या गावी आमची आत्या राहते. दिवाळीला तिच्याकडे गेले की रांगोळीचे ठिपके मोजण्याचे काम माझ्याकडे येते. मराठीच्या प्राध्यापकाला याहून जोखमीचे काम कोण सांगणार?

एका दिवाळीत मीच तिला नवी रांगोळी सुचवली. सिअरपिन्स्की नावाच्या पोलिश गणितज्ञाने १९१५ साली ती मांडली. अशा आकृत्यांना पुढे १९७५ मध्ये मँडेलब्रॉटने ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. कृती सोपी आहे. वसुबारसेला एक भरीव त्रिकोण काढायचा. धनत्रयोदशीला तेवढाच त्रिकोण, पण बाजूंचे मध्य जोडून मधला उलटा त्रिकोण कोरा सोडायचा. उरले तीन भरीव. पुढे रोज प्रत्येक भरीव त्रिकोणाची हीच गत!

चतुर्दशीला भरीव नऊ झाले, लक्ष्मीपूजनाला सत्तावीस, पाडव्याला एक्याऐंशी. इथवर माझी विद्या पुरली. कोरे त्रिकोण मोजताना मात्र घोटाळा झाला. एकदा अडतीस भरले, एकदा एक्केचाळीस.

पणत्यांत तेल घालता घालता आत्या म्हणाली, “चाळीस.”

“न मोजताच?”

“मोजायचे काय त्यात? काल तेरा होते ना? आज तिन्ही कोपऱ्यांत कालचीच रांगोळी लहान होऊन बसली आहे. तेरा त्रिक एकोणचाळीस, आणि मधले मोठे रिकामे घर एक.”

भाऊबीजेचे एकशे एकवीसही तिने आदल्या रात्रीच सांगून टाकले! शिवाय पुडीतली रांगोळी रोज चौथाईने कमी लागते, पाडव्याला पहिल्या दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी लागली, हे तिच्या चिमटीला आधीच कळले होते.

मी मात्र विचारात पडलो. वर्गात छंदशास्त्र शिकवताना मी फळ्यावर मेरुप्रस्तार मांडतो. पिंगलाच्या सूत्रांवर भाष्य करताना दहाव्या शतकात हलायुधाने तो उलगडून सांगितला. दोन्ही कडांना एक, आणि आतल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. लघुगुरूंच्या किती जुळण्या होतात, ते त्यावरून कळते. त्या रात्री मी त्याच्या पहिल्या सोळा ओळी कागदावर मांडल्या आणि विषम आकड्यांची घरे रंगवली. रंगलेली घरे भरली एक्याऐंशी, आणि नक्षी उमटली आत्याच्या पाडव्याच्या रांगोळीची! इतकी वर्षे खडू झिजवला, पण ती मला कधी दिसली नव्हती.

मी तो कागद तिला दाखवला. तिने तो बराच वेळ निरखला. चौथीनंतर तिची शाळा सुटली. मुलीच्या जातीला हिशेब कशाला, असे घरच्यांचे मत पडले.

“म्हणजे हे गणित होय?” ती म्हणाली. “मग मला ते येत होते की रे!”

मला काही बोलवेना.

वाचकहो, यंदा ही रांगोळी घालून पाहा. मोजायला मात्र प्राध्यापकाला बसवू नका. घरातल्या एखाद्या आत्यालाच विचारा.