चालते दुकान विकत घेताना

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या सामानाची नामांकित बाजारपेठ आहे. अशा ठिकाणी चालते दुकान घेऊ इच्छिणारा शेतकऱ्याचा मुलगा शेतीच्या पैशातून माल व नावलौकिक यांची किंमत ठरवितो. गाळ्याची चौकशी मागाहून करतो. हा क्रम उलटा आहे.

विकणारा स्वतः भाडेकरू असल्यास धंदा त्याचा, पण जागा मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे, करारात मुभा नसल्यास, भाडेकरूस आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तसे केल्यास मालक गाळा परत मिळविण्यासाठी दावा लावू शकतो. मग पाटी व माल हाती राहतो. बसावयास जागा राहत नाही. या कायद्याने पागडीस मनाई केलेली नाही, हे खरे. तथापि भाडेकरूस पागडी दिली म्हणजे मालकाची संमती मिळाली असे नव्हे. ती लेखी घ्यावी व नवा भाडेकरार नोंदवून घ्यावा.

वस्तू व सेवा कराची बाब पुष्कळांना ठाऊकच नसते. हस्तांतरापर्यंतच्या थकबाकीस विकणारा व घेणारा दोघेही जबाबदार असतात. "जुने देणे माझे" असे विक्रेत्याने लिहून दिले, तरी शासनाची वसुली थांबत नाही. म्हणून थकबाकीचा उलगडा होईपर्यंत किंमतीचा काही भाग राखून ठेवण्याची अट करारात घालावी.

विकणाऱ्याने शेजारीच तसलेच दुकान थाटू नये, अशी अटही घालता येते. नावलौकिक विकला असल्यास भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मध्ये तशी सवलत आहे. मात्र क्षेत्राची मर्यादा वाजवी असावी लागते.