निराशा कुणी केली?

मागच्या लेखांकात ‘आशा’ आणि ‘अपेक्षा’ पाहिल्या. आता त्यांच्या पलीकडच्या टोकाचे शब्द. निराशा आणि नैराश्य कोशात शेजारी बसतात, पण वाक्यात त्यांची जागा बदलता येत नाही. ‘पावसाने निराशा केली’, ‘बाजारभावाने निराशा केली’ असे फर्दापूर-सोयगावकडचा कापूस पिकवणारा सहज म्हणेल. ‘पावसाने नैराश्य केले’ असे मात्र कुणीच म्हणणार नाही. निराशेला करणारा असतो. नैराश्य नुसते येते, ग्रासते. ‘खचला’, ‘अवसान गळाले’, ‘धीर सुटला’ हे शब्द तिसऱ्याच गोष्टीचे, म्हणजे माणसाचे बळ सरल्याचे. माझे म्हणणे एवढेच, की सगळ्यालाच नैराश्य म्हटले की करणारा वाक्यातून निसटतो.

फर्दापूरपासून जवळच, अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात याचा दाखला आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतलेल्या या लेण्यात मान कललेली, डोळे अर्धे मिटलेली एक स्त्री आहे. दासी तिला सावरताहेत. ‘मरणासन्न राजकन्या’ याच नावाने हे चित्र प्रसिद्ध झाले. पण प्रसंगात एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे. तो नंदाचा, असे अभ्यासक मानतात. नंद भिक्षू झाला, हे कळल्यावर त्याची पत्नी सुंदरी कोसळली आहे. ही कथा अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात येते. चित्रकाराने अवस्था रंगवली, तसे तिचे कारणही रंगवले. मुकुटाचा अर्थ लागला नाही, तर खचलेली बाई मरायला टेकलेली वाटते.

यावर व्याकरणाचा जाणकार म्हणेल, की नैराश्य हे ‘निराश’चे साधे भाववाचक नाम, त्यात एवढे काय शोधायचे? पण व्युत्पत्तीने अर्थ बांधला जात नाही. अजिंठ्याच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, त्यात पिंगलेची गोष्ट आहे. गिऱ्हाइकाची वाट पाहून थकलेली ही गणिका आशाच सोडते आणि सुखाने झोपते. तिथे नैराश्य म्हणजे आशेच्या जाचातून सुटका. आज तोच शब्द आजाराचे नाव झाला आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आजाराला नाव मिळाले म्हणून लाज कमी झाली, माणसे डॉक्टरांकडे जाऊ लागली. हे खरेच आहे आणि आजारासाठी हा शब्द राहायलाच हवा. कारण बाहेरचे असले तरी आजार जडू शकतो, तेव्हा उपचारही हवेत. पण शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी ‘नैराश्यातून’ एवढ्यावर संपते, तेव्हा कर्ज देणारा, भाव पाडणारा, विमा अडवणारा यांपैकी कुणीही त्या वाक्यात उरत नाही. ‘कर्जाला कंटाळून’ या ठरावीक शब्दांत निदान कर्ज तरी दिसते. मात्र रोजच्या भाजीचा येतो तो कंटाळा तिथे फारच हलका पडतो. तेव्हा डॉक्टरने निदान केले असेल तिथे नैराश्य लिहावे, माणूस कोलमडला असेल तिथे खचला म्हणावे. आणि कुणी अपेक्षाभंग केला असेल, तर निराशा लिहून करणाऱ्याचे नावही सोबत द्यावे.

(पुढील लेखांक : ‘धीर’ आणि ‘धाडस’)